किझीचं लाकडी चर्च खरंच एकही खिळा न वापरता बांधलंय का?

भिंतींपुरतं खरं आहे, पण घुमटांवर खिळे आहेतच. रशियातल्या ओनेगा सरोवरातल्या किझी बेटावरचं हे 1714 चं चर्च पाइनच्या ओंडक्यांचं आहे. ओंडके आडवे रचून कोपऱ्यात खाच पाडून एकमेकांत बसवलेत आणि वरच्या वजनानं ते घट्ट राहतात. लाकूड वाळताना जाडीला आटतं, त्यामुळे भिंत हळूहळू खाली बसते. तिथे खिळे ठोकले असते तर ओंडके अडकून फटी पडल्या असत्या, शिवाय लोखंडापाशी ओल धरून लाकूड कुजलं असतं. 22 घुमटांवरच्या अस्पेनच्या छोट्या फळ्या मात्र खिळ्यांनीच बसवल्यात.

चर्चच्या आत पुढे लोखंडही वापरलं गेलं, त्यावरून गोंधळू नका. इमारत कलू लागल्यामुळे 1980 च्या दशकात आत पोलादी सांगाडा उभारला गेला. पुढे त्याच्याच आधारानं वरचा भाग उचलून धरून खालून एकेक थर उतरवला, कुजलेले ओंडके बदलले आणि पुन्हा रचले. असे सात थर. चांगला ओंडका टाकून दिला नाही, फक्त सडलेला तुकडा कापून जोड दिला. या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच.