घाट उतरणारी गाडी आणि पश्चिमेला वळणारी नदी

प्रश्न : नदीच्या सोबतीने डोंगर उतरून समुद्रापर्यंत जाणारी एखादी रेल्वे आहे का? सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन जुलै-ऑगस्टमध्ये जावे, असा विचार आहे. – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : कर्नाटकात बंगळुरूच्या यशवंतपूर स्थानकावरून सुटणाऱ्या यशवंतपूर–मंगळुरू गाडीचा सकलेशपूर ते सुब्रह्मण्य रोड हा सुमारे ५५ किलोमीटरचा घाट आपल्याला हवा तसाच आहे. आपली भीमा कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जाते आणि सकलेशपूरची हेमावतीही कावेरीमार्गे तिकडेच जाते. परंतु गाडीने घाटमाथा ओलांडला की दरीत दिसू लागणारे केंपुहोळे नदीचे पाणी पश्चिमेला निघालेले असते आणि पुढे कुमारधारेतून नेत्रावतीला मिळून मंगळुरूजवळ अरबी समुद्रात उतरते.

१९७९ साली मीटरगेज म्हणून सुरू झालेल्या आणि नंतर रुंद झालेल्या या मार्गावर ५७ बोगदे आहेत. उतार पन्नासास एक, म्हणजे पन्नास मीटरला एक मीटर, असल्याने गाडी अगदी सावकाश चालते. बोगद्यातून बाहेर पडून पुलाखालचे फेसाळ पाणी दिसते न दिसते, तोच पुढचा काळोख येतो. मोबाइल सरसावणाऱ्यांच्या हाती बहुधा काळोखच लागतो.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुलै २०२४ मध्ये येडकुमारी आणि कडगरवळ्ळी या घाटातल्या स्थानकांच्या दरम्यान रुळांखालचा भराव खचून वाहतूक बरेच दिवस बंद होती. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ चांगला. तेव्हा ओढे वाहते असतात आणि दरीतले धुकेही लवकर विरते.

सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेस सकाळी बंगळुरूला पोहोचते, पण घाटाची दिवसाची गाडी यशवंतपूरहून त्याआधीच सुटते. त्यामुळे वयस्करांसाठी बंगळुरूत एक मुक्काम करावाच. ही गाडी रोज नसते, तेव्हा वार पाहून आखणी करावी. रात्रीच्या गाडीने हा घाट पार करण्यात काही अर्थ नाही. काचेच्या छताच्या व्हिस्टाडोम डब्यात ४४ फिरत्या खुर्च्या असतात आणि आरक्षण ६० दिवस आधी उघडते, म्हणून दिवाळीची तिकिटे त्याच दिवशी काढावीत. या डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत, एवढी एक उणीव आहे. ओल्या रानाचा वास हवा असेल, तर आपण स्वतः साध्या डब्यात बसावे आणि आई-वडिलांना व्हिस्टाडोममध्ये बसवावे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी दोन्हीकडे वाटून द्यावी.