मुलगा कुत्र्यांना दगड मारतो, काय करू?

‘आमचं मूल क्रूर तर नाही ना?’ ही धास्ती घेऊन बरेच पालक येतात. कुणाचं मूल मुंग्या चिरडत असतं, कुणाचं मांजराची शेपटी ओढत असतं. सहकारनगरहून आलेल्या एका आईची काळजी याहून मोठी होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिच्या दुसरीतल्या मुलानं सोसायटीच्या पार्किंगमध्ये व्यालेल्या कुत्रीला दगड मारले आणि एका पिल्लाच्या पायाला लागलं. शेजाऱ्यांनी घरी येऊन सुनावलं, वडिलांनी धपाटे घातले. आईनं रात्रभर मोबाइलवर वाचलं आणि मुलगा पुढे गुन्हेगार होणार, असं तिच्या मनानं घेतलं.

मी त्याला पार्किंगचं चित्र काढायला दिलं. त्यात कुत्री गाडीपेक्षा मोठी होती आणि तिला दातच दात होते. हळूहळू सगळं बाहेर आलं. ती त्याच्या सायकलमागे लागली होती, तो पडला होता, मोठी मुलं हसली होती. घरी रडत गेल्यावर बाबा म्हणाले होते, “घाबरतोस काय? दगड उचल, पळते की नाही बघ.” त्यानं उचलला. सात वर्षांच्या मुलाच्या हातातला दगड बहुतेक वेळा भीतीचा असतो, नाहीतर कुणीतरी शिकवलेला असतो. इथे दोन्ही होतं.

आईनं विचारलं, “घरी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणू का? माया लागेल.” मी स्पष्ट नाही म्हटलं. घाबरलेल्या मुलावरचं औषध म्हणून जिवंत प्राणी आणणं त्या पिल्लावर अन्याय आहे.

आधी भीतीवर काम केलं. शेपटी पायांत घालणं, कान मागे पाडणं, ओठ चाटत राहणं, गुरगुरणं म्हणजे कुत्रा ‘लांब राहा’ सांगतोय, हे तो शिकला. पळायचं नाही, हात अंगाशी धरून झाडासारखं उभं राहायचं, तिच्या डोळ्यांत बघायचं नाही, याची आम्ही खोलीतच तालीम केली. ती खात असताना, झोपलेली असताना, पिल्लांना पाजत असताना जवळ जायचं नाही. चावलं किंवा ओरखडलं तर लगेच घरी सांगायचं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जायचं. पालकांना मी इथे आवर्जून सांगते: मार खाल्लेलं मूल चावा लपवतं, आणि रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जीव वाचणं जवळपास अशक्य असतं.

वडिलांशी वेगळं बोलले. “आम्ही लहानपणी असंच करायचो,” ते म्हणाले. गावाकडे जनावरं कोणती होती, असं विचारल्यावर मात्र ते खुलले. जुन्नरकडचं घर, बैलजोडी, भाद्रपदातला पोळा, आदल्या दिवशी जोखडानं घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचं. हे मुलाला कधी सांगितलंत का? नव्हतं सांगितलं. दगड मात्र दिला होता.

जखमी पिल्लाला कुत्र्यांना रोज खाऊ घालणाऱ्या काकूंनी उचललं. त्यांना आई कुत्री ओळखत होती. वडील आणि मुलगा त्यांच्यासोबत पशुवैद्यांकडे गेले. सक्तीच्या ‘सॉरी’पेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं, कारण आपल्या दगडानं काय झालं ते त्यानं पाहिलं आणि ते बरं करायला हातभारही लावला. काकूंनी त्याला कानाचं टोक कापलेली कुत्री दाखवली: तिची नसबंदी झाली आहे, अशी ही खूण. पिल्लं दूध सोडतील तेव्हा या कुत्रीचीही करायची, असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून तो रस्त्यातल्या प्रत्येक कुत्र्याचे कान बघतो, लांबूनच. घरी त्याला काम एकच दिलं, गॅलरीतला पक्ष्यांच्या पाण्याचा परळ रोज घासून भरायचा. विसरला की आजी आठवण करते.

कुत्री दिसली की तो अजून बाजूनं वळसा घालतो. आई खट्टू होते, मला त्यात वावगं काही वाटत नाही. त्याला कुत्री आवडायलाच हव्यात, असं थोडंच आहे? इजा करायची नाही, एवढं पुरे.

काही मुलांची गोष्ट मात्र वेगळी असते. समज आलेलं मूल लपूनछपून, पुन्हापुन्हा प्राण्याला इजा करत असेल, त्याच्या कळवळण्यात त्याला मजा वाटत असेल, लहान भावंडांनाही ते दुखावत असेल, तर ‘वय आहे, सुटेल’ म्हणत थांबू नका. बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. घरात कुणी कुणावर हात उगारत असेल, तर तेही तिथे सांगा.