तलावातल्या गोगलगायींमुळे माणसाला जंत होतात का?

गुरे उतरतात अशा तलावात पाय धुतल्यानंतर अंगाला खाज सुटली, तर गोगलगायींमुळे पोटात जंत झाले असतील का, असा आपला प्रश्न आहे. नागपूरच्या आसपासच्या तलावांपुरते सांगायचे तर अशी खाज बहुधा तात्पुरती असते.

जिलेबीच्या वेढ्यासारखा चपटा शंख असलेली इंडोप्लॅनॉर्बिस ही गोगलगाय, जिचे रक्त हिमोग्लोबिनमुळे तांबडे असते, गुरांच्या रक्तकृमींची (रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या जंतांची) मधली यजमान आहे, म्हणजे त्यांच्या वाढीचा एक टप्पा तिच्या शरीरात पार पडतो. शेणावाटे पाण्यात पडलेल्या अंड्यांतून निघालेले डिंभ, म्हणजे सूक्ष्म अळ्या, तिच्या शरीरात शिरतात, तिथे अलैंगिक पद्धतीने त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते आणि मग दुभंगलेल्या शेपटीचे सूक्ष्म डिंभ पाण्यात बाहेर पडून जनावराची कातडी शोधतात. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, तसाच हा प्रकार! चुकून माणसाच्या कातडीत शिरलेले हे डिंभ तिथेच मरतात. मागे राहतात ते लाल पुरळ आणि काही दिवसांची खाज. पाण्यातून बाहेर येताच अंग टॉवेलने खसखसून पुसावे.

गुरांचे मात्र खरे नुकसान होते, कारण लिम्निया या दुसऱ्या गोगलगायीतून निघणारा यकृतकृमी काठच्या गवताला चिकटून त्यांच्या पोटात जातो. माणसाच्या मूत्रमार्गातील रक्तकृमीचा प्रादुर्भाव महाराष्ट्रात 1952 साली रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी नोंदवला गेला होता. लघवीतून रक्त जात असेल, तर कारण कोणतेही असो, डॉक्टरांना लगेच दाखवावे.