पहाटेचा बुरितो: काय मागवायचं आणि काय विचारून घ्यायचं

तुम्ही लिहिलंय की न्यू मेक्सिकोतल्या रिओ रांचोत येऊन दोन महिने झाले, सांटा फेच्या रेल्वेगाडीसाठी पहाटे घर सोडावं लागतं, आणि वाटेवरच्या मेक्सिकन रेस्टॉरंटच्या खिडकीपुढे त्या वेळी बुरितोसाठी, म्हणजे पातळ पोळीत गुंडाळलेल्या सारणासाठी, मोटारींची रांग असते. अंडं चालतं, मांस चालत नाही. तिथे काय मागावं आणि रोज खाल्लं तर चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे. मी या भागात चौदा वर्षं राहते आणि कित्येक वर्षं माझा नाश्ता आठवड्यातून दोनदा असाच झालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक सांगते. मेन्यूवर 'बीन' लिहिलंय म्हणजे शाकाहारी, असं धरून चालू नका. मी पहिल्या वर्षी तेच धरलं होतं. एका छोट्या ठिकाणी जवळजवळ तीन महिने बीन-चीज बुरितो खात होते आणि चव इतकी छान कशी, याचं कौतुकही करत होते. एक दिवस सहज विचारलं तेव्हा कळलं की घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असते. त्यांनी काही लपवलं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं. पण त्या दिवशी फार वाईट वाटलं. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये.

त्या चरबीला स्पॅनिशमध्ये 'मांतेका' म्हणतात. हा एक शब्द पाठ करा. खिडकीशी 'लोस फ्रिहोलेस तिएनेन मांतेका?' म्हणजे 'बीन्समध्ये चरबी आहे का?' एवढं विचारलं की सरळ उत्तर मिळतं. बीन्सचं झालं की तोच प्रश्न तोर्तियाबद्दल, म्हणजे बाहेरच्या पोळीबद्दल, विचारा. मैद्याच्या तोर्तियात मोहन म्हणून कुठे चरबी असते, कुठे वनस्पती तूप. भात बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात शिजवलेला असतो, पण सकाळच्या बुरितोत भात सहसा नसतो. राहिली ग्रीन चिली. इथे चिली म्हणजे मिरचीचा दाटसर रस्सा, आणि त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. 'मांसाशिवाय ग्रीन चिली आहे का?' हा प्रश्न न्यू मेक्सिकोत रोज कुणी ना कुणी विचारत असतं, संकोचू नका. फक्त हेही लक्षात असू द्या की अंडी आणि बटाटे बऱ्याचदा त्याच तव्यावर परततात ज्यावर बेकन भाजलेलं असतं. ते चालणार नसेल तर बाहेरचा बुरितो तुमच्यासाठी नाही, घरीच करावा लागेल.

आता मागवायचं काय? अंडं, बटाटा, चीज, ग्रीन चिली. एवढंच. चोरिसो नको म्हणून सांगा. गोव्याचे चोरीस माहीत असतील तर चव ओळखीची वाटेल, कारण मिरची आणि व्हिनेगर दोन्हीकडे आहे, पण तेही डुकराचंच मांस. ऑर्डर देताना 'हँडहेल्ड' म्हणा, म्हणजे चिली आत घालून, फॉइलमध्ये गुंडाळून, हातात धरून खाता येईल असा मिळतो. 'स्मदर्ड' म्हणालात तर बुरितोवर चिली ओतून, वर चीज वितळवून, ताटलीत काट्या-चमच्यासकट येईल. रविवारी निवांत बसून खायला तो फार छान, पण गाडीच्या सीटवर त्याचं काय होतं ते मी भोगलंय.

मग खिडकीतून प्रश्न येईल, 'रेड ऑर ग्रीन?' हा या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, खरोखर विधिमंडळाने ठरवलेला. दोन्ही हवी असेल तर उत्तर 'ख्रिसमस'. मिरची एकच, हिरवी असताना तोडून भाजून सोललेली ती ग्रीन, झाडावर लाल होऊन वाळवलेली ती रेड. रेडची चव खोल, मातकट, थोडी आपल्या वाळवलेल्या बेडगीच्या जवळ जाणारी. ग्रीनला भाजल्याचा धुरकट वास असतो. तिखटपणा मात्र हंगामागणिक आणि गोणीगणिक बदलतो. गेल्या आठवड्यात सौम्य होती म्हणून या आठवड्यात दुप्पट मागू नका. आपण ठेचा खाऊन वाढलेली माणसं, आपल्याला काय होणार, असं मलाही वाटायचं. पहाटे रिकाम्या पोटी प्रकरण वेगळं असतं.

बुरितो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ छोटं गाढव. गव्हाची पातळ तोर्तिया ही मुळात उत्तर मेक्सिकोची, सोनोरा-चिवावा भागातली, कारण स्पॅनिश लोकांनी आणलेला गहू तिथे रुजला. दक्षिणेकडे मक्याचंच राज्य. मेक्सिको सिटीहून आलेल्या माझ्या सहकाऱ्याच्या घरी बुरितो कधी झालाच नव्हता. आणि नाश्त्याचा बुरितो तर आपल्याच शेजारचा: सांटा फेमधल्या तिया सोफियाज या रेस्टॉरंटने १९७५ साली हे नाव मेन्यूवर पहिल्यांदा छापलं, असं मानतात. तुमची गाडी रोज त्याच गावाला जाते, एखाद्या शनिवारी तिथे बसून खाऊन या. अल्बुकर्कीत युनिव्हर्सिटीसमोर, सेंट्रल अव्हेन्यूवर फ्रंटियर हे रेस्टॉरंट आहे, १९७१ पासूनचं. तिथेही नक्की जा.

फॉइल हातात आल्या आल्या उघडू नका. आत अडकलेल्या वाफेने तोर्तिया मऊ होते, चीज बटाट्याला धरतं, सगळं एकजीव होतं. सात-आठ मिनिटं थांबा. आई डब्यात तूप-साखरेची पोळी गुंडाळून द्यायची, ती मधल्या सुट्टीपर्यंत जशी मुरायची, तसंच. फॉइल वरून थोडी थोडी सोलत खायची, खालचं टोक शेवटपर्यंत बंद ठेवायचं. सगळी चिली त्या टोकाशीच जमते. आणि कृपा करून चालवता चालवता खाऊ नका. तुम्ही यूएस ५५० स्टेशनवरून गाडी पकडता ना? मग पार्किंगमध्ये दहा मिनिटं आधी पोचा आणि तिथे खा. सॅन्डिया डोंगरामागून उजाडताना दिसतं, थंडीत फॉइलने हातही शेकले जातात. माझ्या दिवसातली ती सगळ्यात चांगली दहा मिनिटं असतात.

रोज खाल्लं तर? माझं स्पष्ट मत, नको. मैद्याची मोठी तोर्तिया, दोन अंडी, तळलेले बटाटे, चीज, वर मीठ. मी आठवड्यातून दोनदाच घेते आणि अर्धाच खाते. उरलेला अर्धा मात्र बॅगेत दुपारपर्यंत ठेवायचा नाही. शिजवलेलं अंडं दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, आणि उन्हाळ्यात बंद गाडीत तर एक तासही जास्तच. ऑफिसात पोचल्या पोचल्या फ्रिजमध्ये टाका. मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याआधी फॉइल काढून ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळा, म्हणजे तोर्तिया चिवट होत नाही.

रांगेबद्दल. शक्य असेल तर खिडकी उघडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात जा. नंतर गर्दी वाढली की बुरितो आधीच बांधून गरम पेटीत ठेवतात. ते वाईट नसतात, पण बटाटा कुरकुरीत राहत नाही, आणि 'मांस नको, बीन्स नकोत' असं तुमच्या सांगण्याप्रमाणे करून घेता येत नाही. दुसरं, एकच ठिकाण धरा. कोपऱ्यावरचा वडापाववाला जसा चार दिवसांत ओळखू लागतो, तशीच ही माणसं आहेत. पहाटे तीन-साडेतीनला येऊन बटाटे चिरणारी, तवा तापवणारी. त्यांना 'ब्वेनोस दियास' म्हणा, टिप ठेवा. माझी आई इथे आली होती तेव्हा तिला अंडंही चालत नव्हतं. खिडकीतल्या ताईंनी दुसऱ्याच दिवसापासून तिच्यासाठी वेगळ्या छोट्या तव्यावर बटाटा परतायला सुरुवात केली, मी न सांगता. आई परत गेली त्याला सहा वर्षं झाली. मी अजून गेले की त्या आधी 'मामा कशी आहे?' विचारतात, मग 'रेड ऑर ग्रीन?'

ऑगस्ट संपता संपता किराणा दुकानांपुढे मोठे जाळीचे पिंप गॅसच्या ज्वाळांवर फिरताना दिसतील, हॅच गावाहून आलेली मिरची भाजायला. भरताचं वांगं भाजल्यासारखा वास साऱ्या गावभर असतो. त्या दिवसांत तुमच्या खिडकीशी 'या वर्षीची आली का?' एवढं विचारा. आली असेल तर त्या दिवशी चीज कमी आणि ग्रीन जास्त मागा.