‘त्या काळ्या बाई’ म्हणू नये का?

प्रश्न : बँकेतून आल्यावर मुलीला सांगत होतो, ‘‘काउंटरवरच्या त्या काळ्या बाई म्हणाल्या, फॉर्म बदललाय.’’ मुलगी चिडली. म्हणाली, बाबा, असं बोलत नाहीत. आमच्या वेळी काळा हा नुसता रंग होता, शिवी नव्हती. माझं काय चुकलं?
– एक निवृत्त वाचक, कोथरूड

उत्तर : शिवी तुम्ही दिली नाहीत, हे खरंच. पण त्या वाक्यात रंगाचं कामच नव्हतं. फॉर्म बदललाय ही बातमी, ती कोणत्या रंगाच्या बाईंनी दिली यावर काहीच अवलंबून नाही. ‘काउंटरवरच्या बाई’ एवढ्यावर भागत होतं. बिनकामाचा शब्द वाक्यात आला की ऐकणारा विचारतो, हा इथे कशाला? मुलीने तेच विचारलं. आणखी एक पाहा. गोरेपणा आपण कौतुक म्हणून सांगतो आणि काळेपणा खूण म्हणून. खूण ज्याच्यावर बसते त्याला ती टोचते, सांगणाऱ्याच्या मनात काही असो वा नसो.

समजा, उद्या मुलीला त्याच बाईंना शोधायचं आहे. तरीही रंग फारसा उपयोगी पडत नाही. आपल्याकडे गव्हाळ आणि सावळा यांच्या मधेच बहुतेक जण बसतात, शिवाय ट्यूबलाइटखाली जो सावळा दिसतो तो दुपारच्या उन्हात निमगोरा वाटतो. सांगणारा मोजतो तेही स्वतःच्या हाताशी ताडून. आधी जागा सांगा, मग काम, मग अंगावरचं, मग केस-चष्मा : ‘तीन नंबरचं काउंटर, पासबुक भरून देतात, केस आखूड, जाड काड्यांचा चष्मा.’ चार खुणा पुरतात. (गळ्यातलं ओळखपत्र सांगू नका, ते सगळ्यांच्याच गळ्यात असतं.) एवढ्यावरही दोन बाई उरल्या तर रंग सांगायला हरकत नाही. साधा शब्द, साध्या आवाजात, शेवटी.

साधा शब्द म्हणजे कोणता? गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा. काळाकुट्ट, काळाठिक्कर, काळाकभिन्न हे अंधाराला, तव्याला, कातळाला शोभतात. माणसाला लावले की टोमणाच होतो. काळेभोर मात्र केस आणि डोळे, तिथे ते कौतुक आहे. आणि आवाज खाली आणून ‘जरा सावळ्याच आहेत हो’ म्हटलंत, तर लपवण्यासारखं काही आहे असंच तुम्ही सांगता.

प्रश्न : सासरे हल्ली घरचा रस्ता विसरतात. कधी हरवलेच तर द्यायला वर्णनाचा कागद करून ठेवते आहे. ‘रंग काळा’ लिहिताना हात अडखळतो. सावळा लिहू का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : काळा असेल तर काळाच लिहा. इथे शब्द मऊ करणं घातक आहे. तुम्ही अदबीने ‘सावळा’ लिहाल, एसटी स्टँडवरचा हवालदार गव्हाळ माणसाकडे बघत राहील आणि आजोबा त्याच्या समोरून निघून जातील.

कागद साधारण असा करा : वय ७८, उंची ५ फूट ४ इंच, बांधा सडपातळ, रंग काळा, चेहरा उभट, डोक्याला टक्कल, कानांमागे पांढरे केस, उजव्या भुवईवर जुना व्रण, मराठी बोलतात, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. सगळ्यात जास्त उपयोग व्रणाचा आणि कानाचा होतो, रंगाचा त्यामानाने कमी. उंची अंदाजाने लिहू नका, भिंतीशी उभं करून मोजा. उतारवयात ती एक-दोन इंच उतरलेली असते आणि घरचे जुनाच आकडा सांगतात. कपड्यांची जागा कोरी ठेवा. ते सकाळी फिरायला निघाले की मोबाइलवर एक फोटो काढायची सवय लावा, सदरा आणि चप्पल दोन्ही त्यात येतात.

फोटोच्या बाबतीत नेहमीची चूक म्हणजे लग्नातला सजवलेला फोटो देणं. बऱ्याच मोबाइलचा कॅमेरा चेहरा आपोआप उजळ आणि गुळगुळीत करतो. ती सोय बंद करून, खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात समोरून फोटो काढा. आणि हरवल्याची तक्रार द्यायला चोवीस तास थांबावं लागत नाही. लगेच ११२ ला फोन करा, नाहीतर जवळचं पोलीस ठाणं गाठा.

प्रश्न : मुलीचा बायोडाटा करतोय. दुकानदाराच्या तयार नमुन्यात ‘वर्ण’ अशी ओळ आहे. मुलगी सावळी आहे. काय भरावं?
– वाचक दांपत्य, सहकारनगर

उत्तर : ती ओळ काढून टाका. नमुना संगणकावरच असतो, एका मिनिटाचं काम आहे. उरलेल्या जागेत नोकरीचं ठिकाण किंवा पुण्याबाहेर जायची तयारी लिहा, फोनवर पहिल्यांदा तेच विचारतात.

यात एक घोटाळाही आहे. गुणमेलनात ‘वर्ण’ असतो, त्याला ३६ पैकी एकच गुण आणि त्याचा कातडीशी काही संबंध नाही; तो चंद्रराशीवरून काढतात. बायोडाट्यात मात्र तोच शब्द रंगासाठी येतो. पत्रिका बघणारी मंडळी या दोन्हींची सर्रास गल्लत करतात.

लिहायचंच असेल तर ‘सावळी’ लिहा आणि थांबा. ‘सावळी पण नाकीडोळी नीटस’ या वाक्यात अपमान ‘सावळी’त नाही, ‘पण’मध्ये आहे. ‘असली तरी’ आणि ‘तशी’ हे त्याचेच भाऊ. ‘उजळ गव्हाळ’ लिहून एक पायरी वर चढवायचा मोहही टाळा. कांदेपोह्यांच्या वेळी ती पायरी उतरावी लागते, आणि उतरायची वेळ मुलीवर येते. ‘शादी डॉट कॉम’ने २०२० मध्ये टीका झाल्यावर रंगाची चाळणी काढून टाकली. फोनवरच्या मावशी अजून विचारतात. ‘‘रंग कसा आहे हो?’’ याला ‘‘फोटो पाठवलाय, दिवसाच्या उजेडातला आहे,’’ एवढंच उत्तर द्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीत नायजेरियाचे दोन विद्यार्थी भाड्याने राहतात. वॉचमन वहीत ‘निग्रो, फ्लॅट ३०२’ लिहितो. सोसायटीने काय करावं?
– सोसायटीचे सचिव, कोंढवा

उत्तर : वहीत नावाचा रकाना आहे, त्यात नाव लिहायला सांगा. नाव कठीण वाटत असेल तर त्या मुलांनाच एकदा देवनागरीत कसं बोलायचं ते विचारून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. परदेशी भाडेकरूची नोंद घरमालकाला करावीच लागते, त्या कागदावर नाव आणि देश दोन्ही असतात.

‘निग्रो’ जुन्या मराठी पुस्तकांत सहज छापलेला सापडतो, आज तो अपमानच समजला जातो. ‘हबशी’ची गोष्ट निराळी. हबश म्हणजे आजच्या इथिओपियाचा भाग, म्हणजे शब्द मुळात गावाच्या नावासारखा. इथिओपियात जन्मलेल्या मलिक अंबरने अहमदनगरची निजामशाही चालवली, जंजिरा सिद्दींनी राखला. इतिहास लिहिताना तो शब्द चालतो, जिन्यात चालत नाही. देश माहीत असेल तर ‘नायजेरियन’ म्हणा, नसेल तर ‘आफ्रिकन’. पण आफ्रिकेत ५४ देश आहेत, विचारलेलं बरं. ‘कृष्णवर्णीय’ हा वर्तमानपत्री शब्द अग्रलेखात ठीक आहे, गेटवर तो कोणी बोलत नाही.

प्रश्न : सासूबाई आणि नवरा मला येता-जाता काळी म्हणतात. हा गुन्हा आहे का?
– नाव छापू नये

उत्तर : नुसत्या टोमण्यांवर फौजदारी खटला टिकणं अवघड आहे. साताऱ्याच्या एका जुन्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पतीला निर्दोष सोडताना, रंगावरून बोलणं हे विवाहितेच्या छळाच्या कलमातल्या (भारतीय दंड संहिता, ४९८-अ) क्रूरतेच्या पातळीला जात नाही, असं म्हटलं. (ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालं आहे.) मात्र घटस्फोटाचा दावा दिवाणी असतो, तिथे क्रूरतेचं माप वेगळं. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नवऱ्याला काळा म्हणून हिणवणं ही क्रूरता मानून घटस्फोट दिला.

तुमच्या कामाचा कायदा तिसराच आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान, टिंगल, नावं ठेवणं हे शाब्दिक आणि भावनिक छळात स्पष्ट धरलं आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आजपासून वही ठेवा : तारीख, वेळ, नेमके शब्द, समोर कोण होतं. ‘नेहमी बोलतात’ हे अर्जात फिकं पडतं, ‘१२ तारखेला जेवताना, नणंदेसमोर’ हे टिकतं. मोबाइलवरचे संदेश पुसू नका.

प्रश्न : मे महिन्यात भेटलेल्या मैत्रिणीला ‘काळवंडलीस गं’ म्हटलं. ती नाराज झाली.
– एक वाचक, औंध

उत्तर : ‘उन्हात फिरतेस वाटतं?’ असं विचारा. ती स्वतःच सांगेल, स्कार्फ घरी विसरला म्हणून.