शिफारशी मानल्या, पुढे काय?

प्रश्न : संक्रमणकालीन सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार शिफारशी स्वीकारल्या, की त्या बंधनकारक होतात का? – एक विद्यार्थिनी, कोथरूड, पुणे

उत्तर : नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेच्या सार्वत्रिक नियतकालिक आढाव्यात, म्हणजे सर्व देशांच्या मानवाधिकार स्थितीच्या ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीत, प्रत्येक देशाची पाळी साधारण साडेचार-पाच वर्षांनी येते. साडेतीन तासांच्या चर्चेत इतर देश शिफारशी करतात. संबंधित सरकार त्या स्वीकारते किंवा त्यांची फक्त ‘नोंद घेते’. ही नोंद बहुतेकदा सभ्य नकारच असतो. कायद्याचे बंधन येते ते करारांना मान्यता दिल्यावर. सुदानच्या संक्रमणकालीन सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये छळविरोधी कराराला मान्यता दिली. पुढे 25 ऑक्टोबरला लष्कराने सत्ता घेतली आणि 3 नोव्हेंबरला सुदानचा आढावा झाला. सरकार कोसळले तरी कराराचे बंधन राज्यावर राहते. स्वीकारलेल्या शिफारशींमागे मात्र पाठपुरावा करणारे खातेच उरत नाही, आणि खरे नुकसान तिथे होते.

आढाव्याचा अहवाल वाचताना शिफारशीतले क्रियापद पाहा. ‘प्रयत्न चालू ठेवावेत’ ही शिफारस कोणीही आनंदाने स्वीकारतो. ‘अमुक कलम रद्द करावे’, ‘निवडणुकीची तारीख जाहीर करावी’ यांवरचे उत्तर आधी शोधा. स्वयंसेवी संस्थांना आढाव्यासाठी आपले निवेदनही देता येते, पण शब्दमर्यादा पाळून: एकट्या संस्थेला 2,815 शब्द, संयुक्त निवेदनाला 5,630.