गिडिअनचे मरण आणि वाचकाचा राग

प्रश्न : टॅम्सिन म्युअर या न्यूझीलंडच्या लेखिकेची ‘गिडिअन द नाइन्थ’ ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली. हाडाच्या तुकड्यातून अख्खा सांगाडा उभा करणारे नेक्रोमॅन्सर, म्हणजे प्रेतविद्येचे जादूगार, नऊ घराण्यांचे साम्राज्य आणि जिभेला कसलाही लगाम नसलेली तलवारबाज गिडिअन, हे सारे मला मनापासून आवडले. गिडिअनला स्त्रिया आवडतात याचे त्या जगात कुणालाही नवल वाटत नाही, त्यासाठी तिला कुणापुढे सफाई द्यावी लागत नाही, याचा तर मोठाच दिलासा वाटला. म्हणूनच शेवट जिव्हारी लागला. क्विअर नायिका एकदाची कथेच्या मध्यभागी आली आणि तीही अखेर मेलीच. हे त्याच जुन्या वळणावर गेले असे म्हणावे का? की नेक्रोमॅन्सरांच्या गोष्टीत मरणाबद्दल तक्रार करणेच अप्रस्तुत आहे?

उत्तर : तक्रार अप्रस्तुत मुळीच नाही. (ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी मात्र इथेच थांबावे, कारण शेवटाची चर्चा केल्यावाचून या प्रश्नाला उत्तर देता येणार नाही.)

आपण ज्याला जुने वळण म्हणता ते खरोखरच फार जुने आहे. शेरिडन ले फॅन्यू यांच्या १८७२ सालच्या ‘कार्मिला’मध्ये एका तरुणीवर जीव जडलेली रक्तपिपासू स्त्री शेवटी छातीत खुंटा ठोकून संपवली जाते. १९५२ साली मारिजेन मीकर यांनी व्हिन पॅकर या टोपणनावाने ‘स्प्रिंग फायर’ लिहिली, तेव्हा दोन मुलींच्या प्रेमाचा शेवट गोड करायचा नाही, असे प्रकाशकाकडून त्यांना आधीच बजावण्यात आले होते. तसे झाले तर टपालखाते पुस्तक अश्लील ठरवून अडवील, अशी भीती होती. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९१४ च्या सुमारास लिहून काढलेल्या ‘मॉरिस’मध्ये दोन पुरुषांना हट्टाने सुखी शेवट दिला, पण ती कादंबरी छापली गेली १९७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर २०१६ साली ‘द हंड्रेड’ या दूरचित्रवाणी मालिकेतली लेक्सा प्रेयसीशी मीलन झाल्यावर लगोलग, दुसऱ्याच कुणावर झाडलेल्या गोळीने मरते. प्रेक्षकांचा संताप उसळला तो केवळ ती मेली म्हणून नव्हे; तिचे मरण तिच्या स्वतःच्या गोष्टीतून आलेलेच नव्हते. हा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाच्या पोटात गिडिअनच्या शेवटाने गोळा येणे अगदी साहजिक आहे.

तरीही गिडिअनचे मरण मी या रांगेत बसवणार नाही. नेक्रोमॅन्सरांच्या जगात मरण स्वस्त असते, हे माझे कारण नव्हे, कारण या कादंबरीत ते तसे नाहीच. साऱ्या घराण्यांच्या जोड्या लिक्टर नावाच्या अमर पदाच्या कसोटीसाठी जिथे जमतात त्या कॅनन हाउसमध्ये पहिला बळी जातो तो पाचव्या घराण्याच्या ॲबिगेल आणि मॅग्नस या जोडप्याचा. आपल्या लग्नाच्या वाढदिवसाचे जेवण म्हणून साऱ्या प्रतिस्पर्ध्यांना एका टेबलाभोवती बसवणारी ही दोन सुस्वभावी माणसे शिडीच्या पायथ्याशी मृतावस्थेत सापडतात, आणि तिथून पुढे प्रत्येक प्रेत वाचकाला जड जाते. त्यांच्यामागोमाग चौथ्या घराण्याची दोन कोवळी मुले जातात. लेखिकेने मरण क्विअर पात्रांसाठी राखून ठेवलेले नाही, एवढे तरी यावरून मान्य करावे लागते.

माझे खरे कारण वेगळे आहे. गिडिअनचा शेवट समजून घ्यायचा तर तिच्या आवडीनिवडीपेक्षा तिच्या गुलामीकडे पाहिले पाहिजे. ती नवव्या घराण्याची बांधील आहे. पळून जाण्याच्या प्रयत्नापासूनच कादंबरी सुरू होते. तो प्रयत्न त्या घराण्याची वारस आणि नेक्रोमॅन्सर हॅरोहार्क, म्हणजेच हॅरो, ज्या तऱ्हेने हाणून पाडते तो प्रसंग पुन्हा काढून वाचावा. ती गिडिअनला लढतीचे आव्हान देते, आणि हातमोजे उतरवते तेव्हा दिसतात मातीने भरलेली, सोलवटलेली बोटे आणि मोडलेली नखे, कारण त्या मैदानात तिने रात्रभर हातांनी खणून हाडे पुरून ठेवलेली असतात. गिडिअनला डांबून ठेवण्यासाठी स्वतःचे हात फाडून घेणारी ही मुलगी तिचा द्वेष करते की तिच्यावाचून राहू शकत नाही, याचा निकाल त्या क्षणी लागत नाही. माझ्या मते संपूर्ण पुस्तकात याहून चांगला परिच्छेद नाही.

पुढे नेक्रोमॅन्सर आणि तिची तलवारबाज सोबती, म्हणजे कॅव्हॅलिअर, या नात्याने दोघी कॅनन हाउसमध्ये येतात. तिथल्या एका कसोटीत नेक्रोमॅन्सरला सोबत्याचा प्राण आपल्यातून ओढून घेत एक प्राणघातक पट्टा ओलांडायचा असतो. सहाव्या घराण्याचा पॅलामिडीज हे साफ नाकारतो. आपली सोबती कॅमिला हिच्या जिवाशी असा खेळ करण्यापेक्षा तो स्पर्धेत मागे पडणे पत्करतो. गिडिअन मात्र होकार देते आणि वेदनेने किंचाळत राहते. शेवट तिथेच लिहून झालेला आहे. साम्राज्याने दिलेले अमरत्व, म्हणजे लिक्टरपद, सोबत्याचा आत्मा गिळूनच मिळते हे उघड होते, तेव्हा वाचकाला कळते की दोन माणसांमधल्या निष्ठेचे हे सारे गोडवे एका भक्ष्याला तयार करण्यासाठीच गायले जात होते. हॅरो हे करायला तयार नसते. गिडिअन तिला नकाराची सोयच ठेवत नाही. लोखंडी कुंपणाच्या टोकांवर स्वतःला झोकून देते, म्हणजे समोरच्या शत्रूच्या हातून हॅरो वाचेल आणि कॅमिलाही वाचेल.

हा त्याग की गुलामीतली शेवटची चाकरी, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही, आणि लेखिकेने तो सोडवलेला नाही हीच मला त्या शेवटाची जमेची बाजू वाटते. लेक्साला गोळी चुकून लागली होती. इथे मरण स्वतः गिडिअनने निवडलेले आहे, पण ती निवड जिच्या वाट्याला आली ती मुलगी कधीही मोकळी नव्हती. आपला राग योग्यच आहे. तो लेखिकेपेक्षा त्या सम्राटाच्या व्यवस्थेवर अधिक शोभून दिसेल, एवढेच सुचवतो. खाऱ्या पाण्याच्या कुंडात हॅरो आपल्या जन्मासाठी घराण्यातली २०० मुले विषारी वायूने मारली गेल्याचे सांगते आणि गिडिअन तिला मिठीत घेते, तो प्रसंग प्रेमाचा म्हणून वाचला जातो, आणि तो तसा आहेही. पण त्या विषारी वायूतून जिवंत राहिलेले मूल गिडिअनच होते, हे विसरून तो वाचता येत नाही.

एक उणीव मात्र सांगायला हवी. मधल्या भागात किल्ल्या कुणाकडे किती, कोणती खोली कुणी उघडली, या हिशेबात कथा रेंगाळते, आणि घराण्याच्या क्रमांकावरून बेतलेली लॅटिन-ग्रीक वळणाची आडनावे पाठ होईपर्यंत निम्मे पुस्तक उलटलेले असते. सुरुवातीला दिलेल्या पात्रांच्या यादीत खूण घालून ठेवणे बरे.

प्रश्न : याच मालिकेतली ‘हॅरो द नाइन्थ’ पन्नासेक पाने वाचून बाजूला ठेवली. निवेदन ‘तू हे केलेस, तू तिथे गेलीस’ अशा थाटाचे आहे, आणि मधूनच पहिल्या पुस्तकातल्या घटना चुकीच्या सांगितल्या जातात. पुढे वाचावे का?

उत्तर : जरूर वाचावे. २०२० साली आलेल्या या दुसऱ्या भागात कॅनन हाउसची हकिकत गिडिअनला वगळून सांगितलेली पाहून छपाईत गोंधळ झाला असावा असे वाटते, पण ती चूक जाणूनबुजून केलेली आहे आणि तिचे कारण थेट पहिल्या भागाच्या शेवटाशी जोडलेले आहे. पहिल्या पत्रलेखकांनीही हा भाग वाचावा, कारण गिडिअनच्या मरणाचा विषय लेखिकेने तिथे मिटवून टाकलेला नाही. वाचताना त्रास होतो हे खरे आहे. निदान ‘तू’ म्हणणारा आवाज कुणाचा आहे ते कळेपर्यंत पुस्तक मिटू नये.